हिंसक गेम, बंदी आणि आईबाप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकांच्या बैठका घेताना एक गोष्ट नेहमी होते. सगळ्यांसमोर कुणी फारसं विचारत नाही. बैठक संपते, खुर्च्या उचलायला सुरुवात होते, तेव्हा दोघं-तिघं मागे रेंगाळतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "आमचा जरा ते गोळ्या मारायचे गेम फार खेळतो हो. काही होणार नाही ना?" खालचे प्रश्न असेच जमा झाले आहेत. उत्तरं माझी आहेत, आणि मी जिथे चुकले तेही लिहिलं आहे.

हिंसक गेम खेळून मुलं हिंसक होतात का?

गेम खेळला म्हणून कुणी उठून हातात शस्त्र घेत नाही. ही धास्ती मनात असेल तर ती आधी बाजूला ठेवा, म्हणजे बाकीचं नीट बोलता येईल.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं या विषयावर २०१५ मध्ये ठराव केला आणि २०२० मध्ये तो सुधारला. सुधारलेल्या ठरावाचं म्हणणं थोडक्यात असं : हिंसक गेम आणि आक्रमक वागणं, म्हणजे आरडाओरडा, ढकलाढकली, यांच्यात लहानसा संबंध दिसतो. पण जीवघेण्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडावं इतका पुरावा नाही.

त्या लहानशा संबंधावरूनही अभ्यासकांत जुनं भांडण आहे. प्रयोगशाळेत आक्रमकता मोजायची कशी? खरी मारामारी तर लावून देता येत नाही. मग गेम खेळून झाल्यावर समोरच्याला किती मोठा आणि किती वेळ कर्कश आवाज ऐकवता, किंवा तिखट न सोसणाऱ्याला किती तिखट सॉस वाढता, यावरून ती मोजतात. खेळून डोकं तापलेलं असताना बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं, तर त्याला हिंसा म्हणायचं का, हा वाद अजून मिटलेला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या हजारभर मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गेम किती हिंसक आहे हे त्यात मुलांच्या सांगण्यावरून न ठरवता अधिकृत मानांकनावरून ठरवलं. मुलांच्या वागण्याबद्दल त्यांच्या पालकांना विचारलं. आकड्यांचा हिशेब कसा करणार तेही आधीच जाहीर केलं होतं, म्हणजे मागाहून सोयीचं काही शोधून काढायला वाव नको. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना सापडला नाही.

आणखी एक गोष्ट. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत गेमचा खप वाढत गेला आणि त्याच काळात अल्पवयीन मुलांचे हिंसक गुन्हे एकंदरीत कमी होत गेले. गेममुळे गुन्हे घटले असं यावरून म्हणता येत नाही, पण गेममुळे गुन्हे वाढतात असं म्हणणाऱ्यांना याचं उत्तर द्यावं लागतं.

म्हणजे काहीच परिणाम होत नाही? मग खेळू द्यावं का?

थांबा. 'खुनी होत नाही' आणि 'काहीच होत नाही' यांत फार मोठं अंतर आहे. आईबापांचं सगळं काम त्या अंतरातलं आहे.

माझा मुलगा ११ वर्षांचा होता. आठवडाभर एका गेमसाठी मागे लागला होता. एका संध्याकाळी मी कामात असताना त्यानं कंट्रोलर माझ्यापुढे धरला. टीव्हीवर 'तुमचं वय १८ पूर्ण आहे का' असा प्रश्न होता. मी नीट न वाचता 'हो' दाबलं. कटकट मिटावी, एवढाच विचार होता. तीन दिवसांनी सहज त्याच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर एक माणूस गुडघ्यांवर बसलेला, दोन्ही हात वर. मुलाचा अंगठा बटणावर तसाच थांबलेला. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "आई, हा तर शरण आलाय. तरी मारायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. एवढं मात्र कळलं, की असे प्रश्न तीन दिवस त्याला पडत होते आणि विचारायला शेजारी कुणी नव्हतं.

तेव्हा परिणाम होतो. तो वयावर, मुलाच्या स्वभावावर आणि शेजारी कुणी आहे का यावर ठरतो. सात-आठ वर्षांचं पोर दिवसा हसत हसत झोम्बी मारतं आणि रात्री दिवा चालू ठेवून झोपतं. बारा-तेराच्या मुलाला भीती वाटत नाही, पण 'मारून टाकीन' हा शब्द त्याच्या तोंडात सहज येऊन बसतो. पंधराच्या मुलीला गोष्टीतलं क्रौर्य नीट कळतं आणि ती त्यावर वाद घालते. तिघांना एकच नियम लावून चालणार नाही.

पण कुठेही गुन्हा घडला की बातमीत गेमचं नाव येतंच. आगीशिवाय धूर निघेल का?

गेम जवळपास सगळीच तरुण मुलं खेळतात. त्यामुळे गुन्हा करणाराही खेळत असतो, आणि न करणारी त्याची सगळी वर्गमित्रमंडळीही. घरातला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, दाखवणं सोपं असतं. त्या मुलाला शस्त्र कुठून मिळालं, तो किती दिवस एकटा होता, त्याला मारझोड होत होती का, हे शोधायला वेळ लागतो.

हे चक्र गेमच्याही आधीपासूनचं आहे. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटनं बालगुन्हेगारीच्या संदर्भात कॉमिक्सवर सुनावणी घेतली होती आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. १९७६ मध्ये डेथ रेस नावाचा आर्केड गेम आला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर काड्यांच्या आकृत्या, त्यांना गाडीखाली घ्यायचं आणि तिथे क्रूस उगवायचा. आज तो बघितला तर नेमकं काय चाललंय तेही पटकन कळत नाही, पण तेव्हा त्यावर रान उठलं होतं. मग १९९३ च्या डिसेंबरात पुन्हा सिनेटची सुनावणी झाली, या वेळी मॉर्टल कॉम्बॅट आणि नाइट ट्रॅप या गेमवर.

सरकार सरळ बंदी का घालत नाही?

घातलेल्या आहेत, आणि त्यांचं पुढे काय झालं हे बघण्यासारखं आहे.

दक्षिण कोरियानं २०११ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद केले. मुलं आईवडिलांच्या ओळखक्रमांकावर लॉगिन करू लागली. शिवाय कायदा झाला तेव्हा गेम संगणकावर होते, हळूहळू ते मोबाइलवर गेले आणि कायदा मागेच राहिला. २०२१ मध्ये तो मागे घ्यायचं ठरलं. चीननं २०२१ मध्ये याहून कडक नियम केला : अल्पवयीनांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळायचं. तिथेही मोठ्यांच्या नावाचं अकाउंट वापरणं ही पळवाट निघालीच. नेपाळनं एप्रिल २०१९ मध्ये पबजीवर बंदी घातली, ती काही दिवसांतच तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं थांबवली.

कधी कधी आपण बंदीचं कारणही मनानेच धरून चालतो. भारतानं सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल बंद केला तो ११८ ॲपच्या यादीत, आणि दिलेलं कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, गोळीबाराचं नव्हतं. जर्मनीत १९९४ मध्ये वुल्फेन्स्टाइन ३डी जप्त झाला तो त्यातल्या नाझी चिन्हांमुळे. गंमत अशी, की त्या गेममध्ये खेळणारा नाझींच्याच विरुद्ध लढत असतो. तिथले अधिकारी २०१८ पासून अशा चिन्हांचा विचार संदर्भ पाहून करू लागले.

माझं मत स्पष्ट आहे. बंदी सगळ्यांना एकाच वयाचं समजते. चाळीस वर्षांच्या माणसानं काय बघावं हे ती नऊ वर्षांच्या मुलाच्या मापानं ठरवते, आणि त्या नऊ वर्षांच्या मुलापर्यंतही ती पोचत नाही, कारण पळवाट मोठ्या भावाच्या फोनमध्येच असते. बंदी झाली की आईबाप निर्धास्त होतात, हे तिचं सगळ्यात मोठं नुकसान.

बंदी नको, पण निदान रक्त वगैरे कापून टाकता येईल ना?

हा प्रयोग अगदी आमनेसामने झालेला आहे. मॉर्टल कॉम्बॅट १९९३ मध्ये घरच्या कन्सोलवर आला. कन्सोल बनवणाऱ्या दोन कंपन्या तेव्हा एकमेकींच्या स्पर्धक होत्या, निन्टेन्डो आणि सेगा. निन्टेन्डोनं रक्ताच्या जागी करड्या रंगाचा घाम दाखवला आणि शेवटचे क्रूर वार सौम्य केले. सेगानं रक्त ठेवलं, फक्त ते एका गुप्त कोडमागे लपवलं. कोड मुलांमध्ये तोंडोतोंडी पसरला आणि सेगाची आवृत्ती जास्त खपली. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला तेव्हा निन्टेन्डोनंही रक्त राहू दिलं. १९९७ च्या कार्मागेडनमध्ये पादचाऱ्यांना गाडीखाली चिरडायचं होतं, तर ब्रिटनमध्ये आधी त्यांना झोम्बी करून रक्ताचा रंग हिरवा केला.

करायची कृती तीच राहिली, रंग तेवढा बदलला. मला तर उलटी शंका येते. माणूस पडतो, ना रक्त, ना कण्हणं, क्षणात नाहीसा होतो आणि वर गुण मिळतात, हे लहान मुलाला जास्त दिशाभूल करणारं नाही का? मारल्यावर दुखतं, एवढं तरी खरं दिसायला हवं. याला माझ्याकडे संशोधनाचा आधार नाही, ही एका आईची शंका आहे.

गेमच्या डब्यावरचा वयाचा आकडा कोण ठरवतं? त्याच्यावर भरवसा ठेवावा का?

१९९३ च्या त्या सुनावणीनंतर गेमउद्योगानं स्वतःच अमेरिकेत ईएसआरबी हे मानांकन मंडळ १९९४ मध्ये सुरू केलं. सरकारनं कायदा करण्याआधी आपणच काहीतरी करावं, हा त्यामागचा हेतू होता. तिथे 'टी' म्हणजे १३ आणि पुढे, 'एम' म्हणजे १७ आणि पुढे, 'एओ' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. युरोपात २००३ पासून पेगी ही मानांकनाची पद्धत आहे, त्यात थेट आकडेच असतात : ३, ७, १२, १६, १८.

पेगीच्या आकड्यांमागचा विचार समजून घ्या, फार उपयोगी आहे. ७ म्हणजे कार्टूनसारखी, खरी न वाटणारी मारामारी. १२ म्हणजे काल्पनिक प्राण्यांवर जरा उघड हिंसा, किंवा माणसांसारख्या पात्रांवर झाली तरी खरी न वाटणारी. १६ म्हणजे हिंसा प्रत्यक्षातल्यासारखी दिसते. आणि १८ म्हणजे अतिरेकी क्रौर्य, विनाकारण ठार मारणं, ज्याला प्रतिकार करता येत नाही अशाला मारणं. हे वाचलं तेव्हा गुडघ्यांवर बसलेला तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तो आकडा डब्यावर छापलेला होता. मी बघितला नव्हता.

भरवसा ठेवा, पण त्या आकड्याची हद्द ओळखून. ईएसआरबीचे परीक्षक अख्खा गेम खेळत नाहीत. कंपनीनं भरलेली प्रश्नावली आणि कंपनीनंच पाठवलेला व्हिडिओ पाहून ते ठरवतात. २००५ मध्ये ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास या गेमच्या कोडमध्ये लपलेला अश्लील भाग उघडकीला आला आणि त्याचं मानांकन 'एम'वरून 'एओ' करावं लागलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑनलाइन खेळताना समोरचे लोक काय बोलतात त्याचं मानांकन होतच नाही, आणि तसं ते स्पष्ट लिहूनही ठेवतात. रोब्लॉक्ससारख्या ठिकाणी तर खेळणारेच नवनवे गेम बनवत असतात, तिथे एका आकड्यावरून सगळ्याचा अंदाज येत नाही.

लहान मुलाला असा गेम विकणं हा गुन्हा नाही का?

देशागणिक वेगळं आहे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून पेगीचे १२, १६ आणि १८ हे शिक्के डब्यातल्या गेमसाठी कायद्यानं बंधनकारक आहेत. लहानाला विकलं तर विक्रेता अडचणीत येतो. ऑस्ट्रेलियात २०१३ पर्यंत गेमसाठी प्रौढांचा वर्गच नव्हता. प्रौढांसाठीचा गेम एकतर नाकारला जायचा, नाहीतर कापून १५ वर्षांच्या वर्गात बसवला जायचा. १ जानेवारी २०१३ पासून १८ चा वर्ग आला.

अमेरिकेत मात्र मानांकनाला कायद्याचं बळ नाही. कॅलिफोर्नियानं २००५ मध्ये अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घालणारा कायदा केला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०११ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी रद्द झाला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिला. गेम हेसुद्धा अभिव्यक्तीचं माध्यम आहे, आणि मुलांच्या परीकथांतही काही कमी रक्तपात नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती ब्रायर यांनी विचारलेला प्रश्न मला अजून छळतो : १३ वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचं चित्र विकायला कायदा मनाई करतो, मग त्याच मुलानं पडद्यावरच्या स्त्रीला बांधून, छळून मारायचं असा गेम विकायला मोकळीक कशी? मला बहुमताचा निकाल पटतो. ब्रायर यांच्या प्रश्नाला त्यात समाधानकारक उत्तर आहे असं मात्र मला वाटत नाही.

वर्गातले सगळे खेळतात. आपल्यालाच नाही म्हटलं तर पोर एकटं पडेल.

हे खरं आहे, ते उडवून लावू नका. मधल्या सुट्टीतल्या गप्पा त्याच गेमच्या असतात आणि आपलं मूल कडेला उभं असतं.

आधी 'सगळे' म्हणजे किती ते मोजा. मी एकदा मुलाच्या चार मित्रांच्या घरी फोन केले. दोघांच्या घरी तो गेम नव्हताच. तिसऱ्याची आई म्हणाली, "अहो, तुमचा खेळतो असं सांगून आमच्याकडून घेतलाय!" मग आम्ही तिघीचौघींनी मिळून एक वय ठरवलं. नकार एका घरातून आला की पोराला तो अन्याय वाटतो. चार घरांतून एकसारखा आला की पोरं आपसात कुरकुरतात आणि दुसरा गेम शोधतात.

आणि नकाराबरोबर दुसरं काहीतरी द्या. संघ करून खेळायचे, डावपेचाचे, बांधकामाचे कितीतरी चांगले गेम आहेत. नुसतं 'नाही' म्हणून उठून जाऊ नका.

मला गेममधलं काही कळत नाही. मी काय लक्ष ठेवणार?

कळायची गरज नाही, शेजारी बसायची गरज आहे. २० मिनिटं. हातात आपला फोन न घेता. "हा कोण? याला का मारायचं? तू मेलास तर काय होतं?" असं विचारत राहा. मुलांना शिकवायला फार आवडतं, विशेषतः आईबापांना. एकदा कंट्रोलर मागून घ्या आणि खेळून बघा. भिंतीला धडकाल, तो हसेल, पण त्या हसण्यानंतर तो जे सांगतो ते एरवी सांगत नाही.

विकत घेण्याआधी त्या गेमचा खेळतानाचा व्हिडिओ बघा. जाहिरात नव्हे, कुणीतरी प्रत्यक्ष खेळतानाचा. दहा मिनिटांत अंदाज येतो.

रक्तपातापेक्षा जास्त काळजी कशाची करावी?

अनोळखी माणसांची, आणि पैशांची. मला हे दर वेळी ठासून सांगावं लागतं, कारण आईबाप पडद्याकडे बघतात आणि हेडफोनकडे बघत नाहीत. पडद्यावर कार्टूनची पात्रं नाचत असतात आणि कानात कुणीतरी तिशीतला माणूस आईबहिणीवरून शिव्या घालत असतो, किंवा फार गोड बोलत असतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. "तुला नवी स्किन (म्हणजे गेममधल्या पात्राचा पोशाख) देतो, दुसऱ्या ॲपवर ये" असं कुणी म्हणालं तर लगेच मला सांगायचं, रागावणार नाही, हे मी मुलाला कितीदा तरी सांगितलं आहे. आणि खरंच रागवायचं नाही. एकदा रागावलात की पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

पैशांचं असं, की लूट बॉक्स नावाचा प्रकार सोडतीसारखा असतो. पैसे आधी द्यायचे, आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायचे असे बॉक्स जुगारात धरले. मुलाच्या फोनमध्ये कार्डचा नंबर साठवून ठेवू नका, प्रत्येक खरेदीला तुमची परवानगी लागेल असं सेटिंग करा, आणि व्हॉइस चॅट फक्त ओळखीच्या मित्रांपुरतं ठेवा. मुलाचं अकाउंट त्याच्या खऱ्या जन्मतारखेनं उघडा. खोटी तारीख टाकली की मुलांसाठीची सगळी कुलपं आपणच उघडून देतो.

दहा हाका मारल्या तरी उठत नाही. "एक मिनिट" म्हणतो आणि अर्धा तास जातो.

ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. तो उठला तर त्याचा संघ अडकतो, आणि काही गेम मध्येच सोडून जाणाऱ्याला शिक्षाही करतात. आपल्याला तो उर्मटपणा वाटतो, त्याला आपण कॅरम भर डावात उधळल्यासारखं वाटतं.

घड्याळाऐवजी मॅच मोजा. "साडेआठला बंद" म्हणण्याऐवजी "आणखी एक, मग बंद" म्हणा, आणि नवी सुरू करण्याआधी सांगा. आमच्या घरातली निम्मी भांडणं एवढ्यानं मिटली.

हे व्यसन आहे का?

बहुतेक वेळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्याची लक्षणं अशी : खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळणं वर येतं, नुकसान दिसत असूनही ते चालूच राहतं किंवा वाढतं, आणि हे साधारण १२ महिने टिकतं. सुट्टीत दिवसभर खेळणं म्हणजे हे नव्हे. पण शाळा, झोप, मित्र, आवडीचा खेळ, सगळंच एकेक करून सुटत चाललं असेल तर वर्षभर थांबू नका, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. अनेकदा गेम हे लपण्याचं ठिकाण असतं. कशापासून लपतोय, तो खरा शोध.

चोरून खेळताना सापडला. आता?

त्या क्षणी फोन आपटू नका. काय खेळत होता ते दाखवायला सांगा, बघा, मग बोला. शिक्षा द्यायची तर ती खोटेपणाची द्या आणि तसं सांगून द्या.

आजी-आजोबांकडे किंवा मित्राकडे गेल्यावर नियम कोण पाळणार?

सगळे पाळणार नाहीत. सांगून ठेवा आणि सोडून द्या. घरी बोलणं चालू असेल तर बाहेर पाहिलेलंही घरी येतं.

पालकांची जबाबदारी म्हणता, मग कंपन्या मोकळ्या सुटल्या का?

अजिबात नाही. 'पालकांची जबाबदारी' हे शब्द कंपन्यांच्या तोंडी आले की मला संताप येतो. २०२२ च्या डिसेंबरात फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सनं अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या गोपनीयतेचा कायदा मोडल्याच्या आरोपावरून दंडाचे, आणि २४.५ कोटी ग्राहकांना परत देण्याचे, कारण बटणांची मांडणीच अशी होती की नको असताना खरेदी होऊन जावी. मुलांच्या अकाउंटवरही व्हॉइस चॅट आपोआप चालू असायचं. दिवसभर राबून आलेल्या आईनं रात्री बसून तिसऱ्या मेनूच्या चौथ्या पानावरचं बटण शोधावं, आणि ते सापडलं नाही तर दोष तिचा?

सरकारनं कायदा करायचाच असेल तर तो इथे करावा. मुलांसाठी चॅट सुरुवातीला बंदच असावं, सोडतीची पेटी मुलांना विकू नये, वयाची खात्री एका 'हो'वर होऊ नये. गोष्टीत काय दाखवायचं त्यावर कात्री चालवण्यापेक्षा यानं पोरं कितीतरी जास्त सुरक्षित राहतील.

मग मोठ्यांनी हिंसक गेम खेळायला हरकत नाही?

हरकत नाही. हिंसेबद्दल गंभीरपणे बोलणारे गेम आहेत, इतर माध्यमांत तशा गोष्टी आहेत तसेच. कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २ या २००९ च्या गेममध्ये विमानतळावरच्या सामान्य प्रवाशांवर गोळीबार होतो आणि खेळणारा गोळीबार करणाऱ्यांच्या टोळीत असतो. तो प्रसंग वगळायचा का, हे गेम आधीच विचारतो. प्रसंग खेळायला घेतला तरी प्रवाशांवर स्वतः गोळी न झाडता चालत राहता येतं. जपानी आवृत्तीत प्रवाशाला मारलं की डाव संपतो, रशियात तो भागच काढला. तो प्रसंग हवा होता की नको, यावर मोठी माणसं आजही भांडतात. भांडू द्यावं.

एकदा परवानगी दिली. आता परत घेता येते का?

येते. मी घेतली. "तुझी चूक नाही, मी न वाचता हो म्हटलं, ही माझी चूक आहे, आणि मी ती दुरुस्त करतेय," असं सांगून गेम काढून टाकला. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या वयाचा एक गेम आम्ही मिळून शोधला, त्यातही लढाई होती.

गेल्या वर्षी तो १८ चा झाला. जुना गेम त्यानंच पुन्हा काढला आणि मला बोलावलं. तो प्रसंग आला. त्या माणसाला न मारता पुढे जायची वाट आहे का, हे त्यानं कोपरान् कोपरा फिरून शोधलं. वाट नव्हती. मग त्यानं गेम थांबवला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणाला, "ज्यानं हे लिहिलं त्याला काय म्हणायचं असेल गं?" त्या रात्री आम्ही दोघं दीड वाजेपर्यंत बोलत बसलो होतो.